बिनपगारी उमेदवार

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आपलं भांडण काही मिटलं नाही. म्हणून लिहितेय.

तुम्ही बेळगावच्या कचेरीत उमेदवार म्हणून तीन वर्षं बिनपगारी राबलात. तोवर आज्जीनं शहापुरात लोकांच्या मागांसाठी कांड्या भरून घर चालवलं. मग तुम्हाला कारकुनी मिळाली. हे तुम्ही अभिमानानं सांगायचात. मी मुलींच्या शाळेत उमेदवार मास्तरीण झाले, तेव्हाही तेच सांगितलंत. "काम शिकाय मिळतंय न्हवं? वर पगार कशाला मागायचा?"

पण मी शिकत नव्हते, शिकवत होते. दुसरीचा अख्खा वर्ग माझ्याकडं होता. पगारी बाई बाळंतपणाला गेल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी त्यांची जागा भरली नाही. शेजारच्या वर्गावरची उमेदवार वडगावहून पायी यायची आणि मधल्या सुट्टीत नुसतं पाणी प्यायची. एकदा पाढे घेताना ती भोवळ येऊन पडली. हेडबाई म्हणाल्या, "झेपत नसंल तर घरी बसा. उमेदवार लई मिळतात."

पुढच्याच आठवड्यात तपासणीला डिपुटी आले. मी वर्गात गेलेच नाही, दाराबाहेर उभी राहिले. त्यांनी विचारलं, "या वर्गाच्या बाई कुठं आहेत?" मी म्हणाले, "या वर्गाला बाई नाहीत, साहेब. मी उमेदवार आहे. पगार नाही मला."

दुसऱ्या दिवसापासून मला शाळा बंद झाली. वडगावच्या मुलीला मात्र पुढल्या महिन्यापासून पगार सुरू झाला.

माझी शाळा बंद झाली त्या रात्री स्वयंपाकघरात तुम्ही जेवत होता. "मला मान खाली घालायला लावलीस," म्हणालात. मी विचारलं, "अण्णा, तीन वर्षं आज्जी कांड्या भरत हुती, ती कुणाची उमेदवारी करत हुती?" तुम्ही भरल्या ताटावरून उठलात.

तो प्रश्न मी आजही मागं घेत नाही. आता निपाणीत एका शाळेची हेडबाई मीच आहे. उमेदवाराला पहिल्या महिन्यापासून पगार, असं मी कमिटीला सांगितलं, तर एकजण म्हणाले, "आम्ही बी फुकट राबलोय की." थेट तुमचाच आवाज. मी म्हणाले, "मग वर्गावर तुम्हीच जावा." पगार मंजूर झाला.

काल नव्या मुलीला तो पहिल्यांदा मिळाला. तिनं सहज पदराच्या टोकाला बांधला आणि फळा पुसायला गेली. मला आनंद व्हायला हवा होता अण्णा, पण आधी तिचा हेवाच वाटला. हे इथं कुणाला सांगता येत नाही, आणि तुम्हाला तर पोचायचंच नाही.