चेतनाचा काउंटर

बीरगांव, रायपूर
६ जुलै २०२५

ती. मीराबाईस,
धाकट्या गुलाबचा स. जय भीम. वि. वि.

हे फोनवर बोलता येत नाही, दोन खोल्यांच्या घरात पोरगी चेतना सारं ऐकते. माह्या हर्नियाचं ऑपरेशन लवकर करा म्हणून डॉक्टरनं सांगितलं, पण आयुष्मान कार्ड कोणी घेत नाही. एका दवाखान्यात बेड नाही म्हणाले, दुसऱ्यात हे ऑपरेशन कार्डावर करत नाही म्हणाले. सरकारीत दिवाळीनंतर या म्हणतात. दुखणं तर वाढून राहिलं.

म्हणून काल चेतनाले न सांगता तिच्याच शंकर नगरच्या दवाखान्यात गेलो. बाहेर कार्डाचा बोर्ड आहे. काउंटरवर तीच होती. मान खाली घालूनच तिनं मले सांगितलं, बाबूजी, कार्डवाले केस बंद हैं. मग वर पाहिलं. तिच्या नोकरीचा सवाल, मागे लाइन. मी हव दीदी म्हणून निघून आलो. संध्याकाळी समोरासमोर जेवलो.

तुह्या मायेतला,
गुलाब

भंडारा
१४ जुलै २०२५

चि. गुलाब, अनेक आशीर्वाद.

पोटच्या पोरीले दीदी म्हणतोस, मले तर जन्मात कधी ताई म्हटलं नाहीस! रडू आलं रे वाचून. इकडं ये म्हटलं असतं, पण इथले दवाखानेही कार्ड पाहून नागपूरले पाठवतात. तुह्या भाऊजीच्या गुडघ्यापायी आम्ही तेच भोगून राहिलो. काहून सोसतोस? चेतनाशी बोल. तिच्या डॉक्टरले विचारू दे.

तुले जपणारी,
मीरा

बीरगांव
९ ऑगस्ट २०२५

ती. आत्याबाईंना,
चेतनाचा जय भीम.

बाबांचं ऑपरेशन झालं, कार्डावरच. आता चालून राहिले. तुम्ही लिहिलं म्हणून ते बोलले अन् मी दवाखान्यातल्या डॉक्टरसरांकडे गेले. सर म्हणाले, तुझ्या वडिलांचं करतो, पण बाहेर कळता कामा नये. अन् काउंटर सोडायचं नाही, कार्डवाल्यांना तुझ्यासारखं गोड बोलून कोणी परत पाठवत नाही. मी नोकरी सोडणार होते, आत्याबाई. आता कोणत्या तोंडानं सोडू?

काल बाबांचे मित्र देवीदासकाका काउंटरवर आले. त्यांनाही हर्निया. गुलाबचं इथंच कार्डावर झालं ना, म्हणाले. मी सांगितलं, नाही, बाबांचे पैसे आम्ही रोख भरले. संध्याकाळी घरी पोचले तर काका बाबांजवळ बसून तेच विचारत होते. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, अन् म्हणाले, हो, रोखच. काकांनी चहा संपवला, बाबांना जड उचलू नको म्हणून बजावलं, अन् पोटाला हात लावून हळूहळू पायऱ्या उतरले.

बरोबर केलं की चूक, ते विचारत नाही. माया तेवढी कमी करू नका.

तुमची,
चेतना