यंदा तीस नाहीच

सरता महिना, तेवीस

चूलदेव गेले एकदाचे स्वर्गात! तळ्यात मासे सोडले, त्यांच्यावर बसून जातात म्हणे. त्यांना वर्षभराचं गाऱ्हाणं सांगायला कुणीतरी आहे. मी कुणाला सांगू? आई नदीपलीकडे आजारी आणि मी इथे. आमच्या गच्चीवरून तिकडच्या वीटभट्टीचं धुराडं दिसतं. नावेनं ओलांडलं की झालं!

पंचवीस

धीर करून विचारलं. सासूबाई पानं धूत होत्या. वर न बघताच — "नव्या वर्षाचा तेत तोंडावर आलाय आणि माहेर? थोरली सून ना तू? पितरांच्या ताटाला मी एकटी पुरी पडू होय?"

लुककडे बघितलं. नवरा माझा! म्हणतो, "आई म्हणते तसं कर ना. दुसऱ्या दिवशी जायचंच आहे."

पहिला दिवस बापाचा, दुसरा आईचा — म्हणच आहे आमच्यात. बाप म्हणजे नवऱ्याचा बाप, एवढं मात्र त्या म्हणीत नाही. लग्न झाल्यापासून तेत म्हणजे मला कोंडवाडा वाटतो. आज लिहूनच टाकते.

सत्तावीस

तांदूळ, मूग, डुकराचं मांस. दिवसभर पानांत बान चुंगचे चौकोनी पुडे बांधले. पानांनी बोटं हिरवी झालीत. "कोपरे बघ कसे लोंबतायत! तुझ्या आईनं काही शिकवलं नाही वाटतं?" — माझ्या आईचे चौकोन बघितले तर तोंडात बोट घालाल, म्हणणार होते. गिळलं.

आईला फोन लावला. आवाज पार खोल गेलाय. "आधी त्यांचं घर बघ, थोआ. मी काय कुठे पळून चाललेय?" चुलीपाशी बसून रडले. धुराचं निमित्त बरं असतं.

न विचारता निघावं का? मग परत कुठल्या तोंडानं यायचं?

अठ्ठावीस

पुसलं, धुतलं, घासलं. माझ्या धाकट्या भावाचा, क्वेनचा, फोन नाही.

एकोणतीस

यंदा तीस नाहीच! महिना एकोणतीस दिवसांचाच, वर्ष आजच संपतं. देवाची माझ्यावर एवढीच कृपा — वाट बघायचा एक दिवस वाचला.

क्वेनला फोन केला. "आई झोपलीये, ताई. तू तुझा सण बघ." मागे बरीच माणसं बोलत होती. घरात आजारी बाई आणि हे पाहुणे जमवतायत! चिडून ठेवून दिला.

नवं वर्ष, पहिला दिवस

नवे कपडे, हसरं तोंड. आज झाडायचं नाही, रडायचं नाही — नाहीतर वर्षभर रडावं लागतं. ठरल्याप्रमाणे काकासासरे वर्षातले पहिले पाहुणे म्हणून घरात पाऊल टाकून गेले. वर्ष भरभराटीचं जाणार म्हणे.

दुपारी क्वेन आला! नाव आज बंद, म्हणून पुलावरून लांबचा वळसा घेऊन. मोटारसायकलवरून उतरला, पण फाटकाच्या आत पाऊल टाकेना.

सासूबाईंनी हाक मारली, "आत ये की रे! सणासुदीला कुणी दारातून जातं होय?"

"नको मावशी, घाईत आहे." मला एवढंच — "उद्या लवकर ये, ताई."

पाणीसुद्धा प्यायला नाही. केवढा हा राग! मी काय इथे मजेत बसलेय? नजरेला नजरही दिली नाही मेल्यानं!

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. नंतर माझ्या हातातली भांडी काढून घेतली. "जा, पड जरा." आज यांना काय झालंय कोण जाणे.

दुसरा दिवस

आई अठ्ठाविसालाच गेली. वर्ष सरायच्या आत पुरलंही तिला. सुतकातल्या माणसानं सणाला दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नसतं, म्हणून क्वेन फाटकाबाहेर उभा होता.

त्याच्या थोबाडीत मारली. का नाही सांगितलंस? रडत म्हणाला, "आईनंच शपथ घातली होती. म्हणाली, ऐन सणात सुतक लागलं तर पोरीला ती माणसं जन्मभर बोलतील. दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड उघडू नका."

आणि मी सासूबाईंवर दातओठ खात होते. मला अडकवून ठेवलं ते आईनं.