डावी बाजू ताईची

ती. ताईस,

कपाळापासून अंगठ्यापर्यंत जेवढं जमिनीला टेकवता येतं तेवढं सगळं टेकवून नमस्कार (टेकवलं असं समज. मी आत्ता काचांच्या दोन थप्प्यांच्या मधे स्टुलावर बसून लिहितोय, इथे साधं वाकायचं झालं तरी बाबांची परवानगी लागते). तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या क्रेनची कशी आहे? एवढ्या उंचावर त्या खोक्यात बसून पाठ धरते का, खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात का, आणि दिसत असतील तर त्यातली एखादी उगीच इकडेतिकडे पळणारी मुंगी बघून माझी आठवण येते का, सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही सगळे मजेत. आईचा गुडघा होता तसाच, बाबांचा स्वभाव होता तसाच.

आता तू म्हणशील, दोन ओळींचा मेसेज टाकायला कंटाळणारा हा प्राणी पत्र कधीपासून लिहायला लागला. अगं, ही वेळ तूच आणलीस. बाबांच्या फोनवरून मी तुला ‘चुकलो, घरी ये’ असा मेसेज पाठवला, तो तू अर्ध्या मिनिटात ओळखलास आणि घरातले तिन्ही नंबर बंद करून टाकलेस. (आईचा कशाला? तिला तर मेसेज उघडतासुद्धा येत नाही.) नंतर शांतपणे विचार केल्यावर माझं कुठे चुकलं ते कळलं. बाबा एखाद्या वेळेस ‘ये’ म्हणतीलही, पण ‘चुकलो’ हा शब्द त्यांच्या तोंडात मावतच नाही. सात महिन्यांपूर्वी ते म्हणाले, फ्रेमचं चालतं दुकान सोडून क्रेन चालवायला निघालीस तर परत या दारात येऊ नकोस. तू ‘बरं’ म्हणालीस. तेव्हापासून दोघंही आपापल्या शब्दाला असे चिकटून बसलाय की दुकानातल्या गोंदाने तुमच्याकडे शिकवणी लावावी. बाबा तुझं नावसुद्धा घेत नाहीत. तुझा विषय निघालाच तर उठून पट्ट्या मोजायला लागतात. मोजलेल्याच पट्ट्या पुन्हा मोजतात.

तर मुद्दा असा (माझ्या पत्रात मुद्दा असतो, फक्त उशिरा येतो) की ठेंगू परत आला. आपल्या व्हिडिओ गेममधला ठेंगू गं, बादलीवाला बंबवाला, जो डावीकडून उजवीकडे धावत सुटतो आणि आगी विझवतो. चार भाग आले, मग त्या कंपनीला काय झालं कोण जाणे, दहा वर्षं सगळं चिडीचूप. आता पाचवा भाग आलाय आणि तोही हातात धरायच्या छोट्या कन्सोलवर. टीव्ही नको, वायर नको, ‘बातम्या लागल्यात, बाजूला हो’ नको. बाकी सगळं तेच. तोच बुटका, तीच गळकी बादली, तेच पाय फुटलेले निखारे, आणि पडदा अजूनही पुढेच सरकतो. मागे राहिलं ते राहिलं. मी तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरीला होतो (काम: फोन घेणे, गाडी पुसणे, शिकाऊ लोकांना धीर देणे). पहिला पगार झाला त्याच दुपारी कन्सोल आणला, गाडीच्या मागच्या सीटवर बसून चालू केला, आणि ताई, ठेंगू एका जागी उभा राहून उड्या मारायला लागला. नुसता टणाटण. पुढे जाईना. मला वाटलं माल खराब निघाला. मग ट्यूब पेटली. माल बरोबर होता, खराब मी होतो.

तुला आठवत असेल, आपल्याकडे कंट्रोलर एक आणि भांडणारे दोन. शेवटी बाबांनी मोजपट्टीने मोजून त्याच्या बरोबर मधोमध कागदी चिकटपट्टी लावली. डावीकडचं सगळं तुझं, उजवीकडचं सगळं माझं. म्हणजे चालणं-पळणं तुझं, उडी आणि बादली माझी. सहा वर्षं आपण तसे खेळलो. जगात बाकीच्यांनी हा गेम दोन हातांनी खेळला, फक्त आपल्या घरात तो दोन माणसांनी खेळला. परिणाम असा की माझा उजवा अंगठा पट्टीचा पैलवान आणि डावा अंगठा शुद्ध मठ्ठ. त्याला पुढे म्हटलं की तो मागे जातो, पळ म्हटलं की चालतो, आणि उजव्याने उडी मारली की हा घाबरून सुटतो. आठ दिवस सराव केला. आठव्या दिवशी ठेंगू पहिल्या निखाऱ्यापर्यंत पोचला आणि स्वतःहून त्याच्या अंगावर जाऊन बसला. तेव्हा मी ठरवलं, आपल्याला डाव्या बाजूला माणूस हवा.

पहिला माणूस म्हणजे आमचे मास्तर. हे तीस वर्षं गाडी शिकवतायत, पण बाजूच्या सीटवर बसून, आणि त्या बाजूला त्यांच्या पायाखाली फक्त ब्रेक आहे. तीस वर्षांत या माणसाने गाडी कधी पुढे नेलीच नाही, नुसती थांबवली. हे मला आधी सुचायला हवं होतं. एका सकाळी दाताच्या डॉक्टरीणबाई शिकायला आल्या (पाच महिने शिकतायत, अजून कोपऱ्यावरच्या वळणापुढे गेलेल्या नाहीत). त्या स्टिअरिंगवर, मास्तर बाजूला, मी मागून मान पुढे काढलेला, आणि कन्सोल आमच्या दोघांच्या मधे. मास्तरांनी डावा भाग धरला, ठेंगूला दोन पावलं चालवला आणि उभा केला. का, तर समोरून निखारा येतोय. म्हटलं मास्तर, त्याच्यावरून उडी मारायचीय. ते म्हणाले, आधी त्याला जाऊ दे, वाहतुकीचा नियम आहे. असा तो निखारा, मग खड्डा, मग शिडी, प्रत्येक ठिकाणी आम्ही थांबून डावं-उजवं बघत होतो. या सगळ्यात मास्तरांचा पाय ब्रेकवर आहे की नाही हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. आम्ही मान वर केली तेव्हा बाई वळण ओलांडून, बाजारातून, पुलावरून फेरी मारून परत आल्या होत्या आणि गाडी दोन रेघांच्या मधे नीट लावत होत्या. उतरून ऑफिसात गेल्या आणि मालकीणबाईंना (म्हणजे मास्तरांच्याच बायकोला) म्हणाल्या की आपल्याला आता गाडी येते, उरलेले तास नकोत. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी मागणी केली की आम्हालाही मास्तरांना काहीतरी हातात देऊन शिकवा. मालकीणबाईंनी मला बोलावलं आणि अतिशय प्रेमाने सांगितलं की तू हुशार आहेस, पण दुसरीकडे.

मग आई. आईने नाही म्हटलं नाही, पदराला हात पुसून बसली आणि पहिल्याच मिनिटाला अडली. ठेंगूच्या बादलीसाठी वाटेत पाण्याचे थेंब असतात ना, त्यातला एक मागे सुटला. आई मागे फिरली. मी म्हटलं, अगं मागे जाता येत नाही, पडदा बंद होतो. तिला पटेना. समोर दिसत होता तो, मग गेला कुठे? पाव तास ती डावीकडेच दाबत बसली आणि ठेंगू पडद्याच्या कडेला नाक लावून जागच्या जागी चालत राहिला, अगदी मुकाट, कचेरीत चिकटवलेल्या माणसासारखा. पाय फुटलेल्या निखाऱ्यांवर पाणी टाकायलाही तिची हरकत. त्याला पाय आहेत म्हणजे तो कुठेतरी जायला निघाला असेल, असं तिचं म्हणणं. शेवटी मीच कन्सोल काढून घेतला. ती आत जाता जाता पुटपुटली की सुटलेलं एक तरी परत आणता यायला हवं होतं, कसला हा खेळ.

आणि मग मी दुकानात. नोकरी गेली म्हटल्यावर बाबांनी एका शब्दात निकाल लावला, उद्यापासून इथे बस. ताई, मला ‘बस’ म्हणणं म्हणजे उकळत्या दुधाला ‘थांब’ म्हणणं. आणि तेही काचांमध्ये. डावीकडे काचा, उजवीकडे काचा, भिंतीवर अनोळखी लोकांची लग्नं. पाय हलवला तर पट्ट्या पडतात, हात ताणला तर कुणाचे तरी आजोबा तिरके होतात. पहिल्या आठवड्यात तीन काचा फोडल्या (बाबांच्या हिशेबाने चार, पण चौथी आधीच तडकलेली होती, मी फक्त तिचा निर्णय पक्का केला). मग हात कुठेतरी गुंतवावे म्हणून मी टेबलाखाली कन्सोल काढला आणि एकट्याने खेळायला लागलो, डावा अंगठा ताणून ताणून. बाबा चौकट जोडत होते. कोपऱ्याला गोंद लावून दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरायचं, तो धरेपर्यंत हलायचं नाही, असं काम. तसेच दाबत त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता कन्सोल गेला. त्यांनी चौकट खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाले,

“डावीकडे हात लावू नकोस. ती बाजू तुझी नाही.”

मी डावा हात काढून खिशात घातला. ठेंगू उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मग बाबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, स्टूल ओढलं आणि डाव्या बाजूला आपला अंगठा ठेवला. तात्पुरता, असं स्पष्ट सांगून.

ताई, मस्करी करत नाहीये (केली असती तर याहून चांगली केली असती), बाबा भयंकर चांगले खेळतात. त्यांचा हात चाळीस वर्षं पंचेचाळीस अंशांचे काप घेतोय, त्याला एक केस इकडचा तिकडे खपत नाही. ठेंगू फळीच्या अगदी कडेला नेऊन थांबवतात, तिथून मी उडी मारतो. तीन पातळ्या आम्ही चार दिवसांत पार केल्या. आता रोज दुपारी बाबा शटर अर्धं खाली ओढतात आणि बाहेर ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी लावतात. जेवण आम्ही त्याआधीच उरकतो. काल एक गिऱ्हाईक शटरखालून वाकून विचारत होतं, साखरपुड्याचा फोटो झाला का. बाबांनी वर न बघता सांगितलं, लग्नापर्यंत होईल.

पण गेले अकरा दिवस आम्ही चौथ्या पातळीवर अडकलोय. तिथे ती विहीर आहे. तीच, पहिल्या भागातली, खालून वारा येणारी. जुन्या खेळाडूंना बरं वाटावं म्हणून कंपनीने जशीच्या तशी परत घातलीय. बाबांनी पडद्याला मोजपट्टी लावली, विहिरीची रुंदी घेतली, ठेंगूची उडी मोजली, पुठ्ठ्याच्या मागे आकृती काढली आणि निष्कर्ष काढला की उडी दीड मिलिमीटर कमी पडते, म्हणजे खेळच चुकीचा बनवलाय, तक्रार करायची. मी सहज बोलून गेलो की ताई तर दर वेळी न्यायची पलीकडे. बाबा उठले आणि पट्ट्या मोजायला लागले. त्या दुपारी त्यांनी दोन काप चुकवले. मी जन्मल्यापासून त्यांचा एकही काप चुकलेला मी बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी परत स्टुलावर बसले. ठेंगू विहिरीच्या काठाशी नेला. थांबवला. पडद्याकडेच बघत म्हणाले,

“ती इथे काय करायची?”

सात महिन्यांत पहिल्यांदा, ताई. नाव नाही घेतलं, पण दुकानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं आणि विहीर ओलांडणारी ‘ती’ आपल्या घरात दुसरी कोण आहे? मी म्हटलं, आठवत नाही.

आता थांबतो, कारण स्टूल हलायला लागलंय आणि बाबा माझ्या पायाकडे बघतायत. तिकडच्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना हळूच एक चिमटा, आणि क्रेनला हात पोचेल तिथे माझ्यातर्फे एक थाप.

तुझा,
उजवीकडचा

ता. क. विहीर कशी ओलांडायची ते तू लिहून पाठव. मला नको, बाबांना. दुकानाच्या पत्त्यावर, तुझ्या हाताने, वर त्यांचं नाव घालून. मी सांगितलेलं त्यांना खरं वाटत नाही (का ते तुला माहीत आहे). चार ओळी पुरतील. ‘चुकले’ वगैरे काही घालू नकोस, तसं पत्र आलं तर ते मीच लिहिलंय असं समजून ते मला चोपतील.

आणखी एक ता. क. यातलं एक अक्षरही खोटं नाही. पटत नसेल तर आईचा नंबर उघड आणि तिला विचार की दुपारी शटर अर्धं का असतं. (डॉक्टरीणबाई बाजारातून गेल्या ते मात्र मी थोडं वाढवलं. त्या बाजाराच्या बाजूने गेल्या.)

शेवटचा ता. क., आणि हा बाबांना कधीही दाखवायचा नाही. मला चांगलं आठवतं. मी उडी मारली की तू अंगठा उचलायचीस. काही दाबायचंच नाही, वाराच त्याला बादलीसकट पलीकडे नेतो. बाबा घट्ट दाबून धरतात म्हणून तो पडतो. अकरा दिवस मी हे पोटात ठेवलंय, माझ्या पोटात एवढा वेळ अजून काहीच राहिलेलं नाही. एरवी त्यांना हे जन्मात सुचलं नसतं. पण आज सकाळी त्यांच्या त्याच अंगठ्याला काच लागली, पट्टी बांधलीय, दाबलं की ठणकतो. कधी दुखून आपोआप उचलला जाईल सांगता येत नाही. तेव्हा वाचून झालं की लगेच लिहायला बस.