आतून लावलेली कडी

प्रिय ठमे,

हे पत्र आधी खाली बसून वाच, आणि मेहुणेबुवा जवळपास असतील तर लगेच त्यांच्या हाती देऊ नकोस. फोनवर हे बोलता येण्यासारखं नाही. हल्ली फोन उचलला की आधी बारीक खरखर येते आणि मग तुझा आवाज. तारा जुन्या झाल्या असतील, दुसरं काही नसेलही, पण मला आता सगळ्याचीच भीती वाटते. जिन्यात पावलं वाजली की हातातलं काम टाकून मी दाराकडे बघत राहते. वरच्या मजल्यावरचा शिंपी आपल्या घरात गेला, त्याचं दार लागलं, की मग श्वास सोडते. काल भाजी चिरताना असंच झालं आणि बोट कापून घेतलं. तुला हसू येईल. पाल दिसली की पलंगावर चढून किंचाळायचीस ती तू, आणि चप्पल घेऊन धावायची ती मी. आता तुझी ताई शिंप्याला घाबरते.

तिकडे राजधानीत आमच्याविषयी काय बोललं जातं त्याची मला कल्पना आहे. मागच्या खेपेला मेहुणेबुवा जेवताना म्हणाले होते, ‘तुम्हाला सगळं तर दिलंय, अजून काय हवं?’ मी हसून विषय बदलला, कारण माहिती म्हणून त्यात काही चूक नव्हती. शाळा आपल्या, बसगाड्या आपल्या, पाणी आपलं, प्रांतसभेला झोकदार इमारत. पोलीस, कोर्टं आणि सीमा तेवढी केंद्राची. बागेत कुठली झाडं लावायची ते आपण ठरवायचं, फाटकाची किल्ली मात्र त्यांच्या खिशात. ती किल्ली कुणी फिरवत नव्हतं तोवर आपल्यालाही तिचा विसर पडला होता. मग या वर्षी केंद्राने आपला शाळांचा कायदा एका हुकमाने रद्द केला. मुलांनी कुठल्या भाषेत शिकायचं हे ठरवण्याचा अधिकार आम्हीच तुम्हाला दिला होता, तो आता परत घेत आहोत, असं त्यात सरळसरळ लिहिलं होतं. एरवी साध्या बसथांब्यावरून हमरीतुमरीवर येणारे सभासद त्या दिवशी ‘आधी तुम्ही बोला’ म्हणत एकमेकांना वाट करून देत होते.

माझं काम तू कधी धड समजून घेतलं नाहीस. ‘ताई काचेच्या पेटीत बसून दिवसभर बडबडते’ असं तू लेकीला सांगितलंयस, आणि ते फारसं खोटं नाही. सभेत सगळे आपल्या भाषेत बोलतात आणि गॅलरीत बसलेल्या केंद्राच्या आयुक्तांना ते राजभाषेत ऐकावं लागतं, म्हणून आम्ही दोघी-तिघी आळीपाळीने कानाला यंत्र लावून बोलत असतो. आमचा एकच मोठा नियम. सभासद ‘मी’ म्हणाला तर आम्हीही ‘मी’ म्हणायचं. ‘ते म्हणतात’ असं मध्ये घालायचं नाही. समोरचा चिडला तर आमचा आवाज चिडतो, रडला तर आम्हीही हुंदका गिळतो. ‘मी तीन मुलांचा बाप आहे’ असं मी कितीदा तरी ठणकावून सांगितलंय. एकदा मासेमारी मंत्री होऊन मी स्वतःचा राजीनामाही दिला होता आणि घरी येऊन आईला म्हटलं होतं, आज नोकरी सोडली गं. ती बिचारी जेवली नाही त्या दिवशी.

त्या शेवटच्या बैठकीत पाळी माझी होती. आपले मास्तर उठले. प्रांतप्रमुख होऊन इतकी वर्षं झाली तरी लोक त्यांना मास्तरच म्हणतात. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘मी आज या प्रांताचं स्वातंत्र्य जाहीर करतो.’ आणि मी काचेच्या आत, राजभाषेत, तेच म्हणाले. मला स्वातंत्र्य हवंय की नको, हे मला कुणी विचारलेलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलेलं नव्हतं, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला हे खरं. आयुक्त कानातलं यंत्र काढून वरच्या गॅलरीच्या दाराने ताडकन बाहेर गेले. थोड्याच वेळात खाली सभागृहाच्या दारावर बाहेरून धक्के बसू लागले. पोलिसांनी आधी हाका मारल्या, मग बाक आणून दार फोडलं. फुटक्या दारात एका पोलिसाचा हात अडकून मोडला. हाडाचा आवाज मला काचेतून ऐकू येणं शक्य नाही, पण मी तो ऐकला आणि अजून ऐकते आहे. मास्तर सीमेपलीकडे निघून गेलेत. सभेला टाळं लागलंय.

चौकशीला आम्हा सगळ्यांना बोलावलं, अगदी झाडूवाल्या बाईंनासुद्धा. मला वाटत होतं, ती घोषणा माझ्याच आवाजात नोंदलेली आहे, ती माझ्या गळ्यात येणार. पण चौकशी अधिकारी चांगला शिकलेला होता, त्याला दुभाष्याचं काम ठाऊक होतं. ‘ते शब्द तुमचे नाहीत हे आम्ही जाणतो’, असं म्हणून त्याने मला चहा दिला. माझा जीव भांड्यात पडला. ठमे, तो तिथेच राहायला हवा होता.

माझ्यानंतर घंटाकाकांची पाळी होती. हे आमच्या सभागृहाचे म्हातारे शिपाई. बैठक सुरू झाली आणि संपली की पितळी घंटा वाजवायची, आणि मतदान किंवा मोठी घोषणा चालू असताना दाराला आतून कडी लावायची, म्हणजे मध्येच कुणी आत-बाहेर करायला नको. ही रीत सभा स्थापन झाली तेव्हापासूनची. काकांना राजभाषेचा एक शब्द येत नाही आणि त्यांचा दुभाषी आलाच नव्हता. अधिकारी मला म्हणाला, ‘बाई, तुम्ही आहातच, सांगा ना जरा.’ मी सुटकेच्या आनंदात होते, लगेच बसले. पोलिसांनी हाका मारल्या तेव्हा दार कुणी लावलेलं होतं, असं विचारलं. काका छाती पुढे काढून म्हणाले, ‘मीच लावलं. हाका ऐकल्या, पण घंटा वाजल्याशिवाय मी कडी काढत नाही, मग बाहेर कुणीही असो.’ आणि मी, अगदी त्यांच्या तोऱ्यासकट, राजभाषेत म्हटलं, मीच लावलं, हाका ऐकल्या, पण घंटा वाजल्याशिवाय मी कडी काढत नाही, मग बाहेर कुणीही असो. पडद्याआड टाइप करणाऱ्या मुलीला फक्त माझा आवाज जात होता आणि तिच्यासमोर माझंच नाव होतं. शेवटी कागद आले. वर्षानुवर्षं सभेच्या कागदांवर दुभाषी म्हणून सही करत आलेय, तशी तिथेही केली. वाचलं नाही. घरी जायची घाई झाली होती.

मग माझ्याच नावाने समन्स आलं, मी एक वकीलबाई गाठल्या, आणि त्यांनी तो जबाब मिळवला तेव्हा मला कळलं. त्यात पोलिसांना आत येऊ न देण्यासाठी दार मी लावलं होतं, हाका ऐकूनही मी उघडलं नव्हतं, आणि खाली माझी झोकात मारलेली सही. मोडलेल्या हाताचा गुन्हा आता माझ्या नावावर आहे. मास्तरांच्या घोषणेतून सुटले आणि शिपायाच्या कडीत अडकले. वकीलबाई म्हणाल्या, घाबरू नका, एक ओळ लिहून द्या की हे बोलणं शिपायाचं आहे, चौकशी अधिकारीही नाही म्हणणार नाही, संध्याकाळपर्यंत तुम्ही मोकळ्या. मग काकांचं काय, विचारलं तर म्हणाल्या, गुन्हा त्यांच्या नावावर जाईल. हे आपल्या कोर्टात असतं तर सभेची रीत म्हणून सांगता आलं असतं. पण आपलं कोर्टच नाही, आणि त्यांच्या लेखी आता सभाही नाही, मग तिची रीत कुठली?

मी लिहायला बसले होते, तुझ्यापासून काय लपवू. ‘हे शब्द’ एवढं लिहिलं आणि हात थांबला. परवा काका घरी आले होते. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली आहे, तिची वेणीफणी तेच करतात, त्यामुळे फार वेळ बसले नाहीत. दारातच म्हणाले, ‘बाई, तुम्ही होतात म्हणून माझं म्हणणं नीट गेलं बघा. नाहीतर ह्या लोकांनी काहीतरी भलतंच लिहून घेतलं असतं.’ मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. त्यांना काहीच ठाऊक नाही, आणि कळलं तर ते आपल्या पायांनी जाऊन उभे राहतील, म्हणून मी सांगितलंही नाही. माझ्यावर विसंबून माणूस मोकळेपणाने बोलला. त्याचं बोलणं मी त्याच्यावर उलटवू? याला धाडसबिडस म्हणू नकोस. धाडसी बायका रात्री झोपतात. मला तुरुंगाची भयंकर भीती वाटते. कोंदट खोलीची, दुसऱ्यांसमोर कपडे बदलायची, कुणी ओरडेल त्याची, वर्षं मोजायची. रोज सकाळी वाटतं, जावं आणि लिहून द्यावं. पायात चपला घालते आणि पुन्हा काढते.

सोमवारी मला हजर व्हायचंय. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलंय, ती ओळ नसेल तर मला तिथेच ठेवून घेतील, आणि किती काळ ते त्यांनाही सांगता येणार नाही. घरी परत येण्याच्या तयारीने जाऊ नका, म्हणाल्या. म्हणून हे पत्र, शेजारच्या ट्रकवाल्याच्या हाती. तू इकडे यायचं नाहीस. मला सोडवायच्या खटपटीत पडायचं नाहीस. मला हवंय ते एवढंच. आईला दंगलीच्या भीतीने मी मावशीकडे पाठवलंय आणि रोज दिवेलागणीला फोन करते. फोनवर आपल्या दोघींचा आवाज तिला कधीच वेगळा ओळखता आला नाही, तुझ्यासाठीची बोलणी मी आणि माझ्यासाठीची तू किती खाल्लीस. सोमवारपासून तू तिला रोज दोन फोन कर, एक तुझा आणि एक माझा. मावशीला सांगून ठेवलंय. माझ्या फोनमध्ये हसू नकोस, मी फोनवर फारशी हसत नाही. आधी गुडघ्यांचं विचार, मग डोळ्यांत औषध घातलं का ते विचार. जेवलीस का, असं ती विचारेल, तेव्हा काय जेवलीस तेही सांग, नुसत्या ‘हो’वर तिचं समाधान होत नाही. कधी येतेस म्हणाली तर सांग, सभेचं काम वाढलंय. आणि मध्येच तिने एकदम विचारलं, तू बरी आहेस ना गं, तर पटकन हो म्हण. मी काल क्षणभर थांबले, तर जेवलीस का हे न विचारताच तिने फोन मावशीच्या हाती दिला.

तुझीच,
ताई