नापास भाकरी

पेणकरपाडा, मीरा रोड
१९ जानेवारी

चि. भूपेश यास शालनताईचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. आपल्या आईचा गुडघा तेवढा कुरकुरतोय. निकेत आता टेकून बसतो आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. परवा बापाच्या, जितेंद्रच्या, चार्जरची वायर चावत होता. नायगावला रूम घेतल्यापासून तू फिरकला नाहीस. फोनवर बोलले तर आवाज चढेल, म्हणून लिहितेय.

आपली पूर्वी दुसरीत आहे ना, तिच्या शाळेने माझं डोकं फिरवलंय. गेटवर हा मोठा बोर्ड, 'डब्यात जंक फूड आणू नये'. आणि पंधरवड्यापूर्वी त्याच गेटमधून बर्गरवाल्यांचा टेम्पो आत घेतला. म्हणे फन डे. स्पीकर, फुगे, कागदी मुकुट आणि एक पिवळा वाघ, म्हणजे वाघाच्या ड्रेसमधला माणूस. दुसरीच्या पोरांकडून कंपनीचं गाणं पाठ करून घेतलं. यांना अजून पाचाचा पाढा धड येत नाही.

मग खेळ काय, तर 'बोरिंग डबा कोणाचा?' माइकवाली एकेक डबा उघडून वर धरणार, वाघ अंगठा वर नाहीतर खाली करणार. पूर्वीच्या डब्यात आईने पहाटे उठून थापलेली तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी. वाघाने नाक दाबलं, दोन्ही अंगठे खाली. अख्खा वर्ग छी छी करत ओरडला.

मी शाळेत जाऊन भांडले. मॅडम म्हणाल्या, "पॉझिटिव्ह घ्या ना. कंपनीने मुलांसाठी वॉटर कूलर दिलाय." मी म्हटलं, कूलर बसवायला माझ्या पोरीचा डबा कशाला लागतो? शेजारची मिनलची मम्मी पण मलाच समजावते, "जाने दो ना भाभी, बच्चों ने एन्जॉय किया." म्हणजे मी एकटीच वेडी.

हे सगळं तुला कशाला सांगतेय मी. तू तिथेच होतास.

पूर्वी रडली नाही. घरी येऊन माझ्या कानात म्हणाली, "आई, तो वाघ मामा होता. त्याने नंतर मला टपली मारली, टक-टक, मामा मारतो तशीच." खूश होती रे ती. मामाने आपल्याला ओळखलं म्हणून.

आम्हाला सांगितलंस ऑफिसात मार्केटिंगला आहेस. वाघ झालास त्याची मला लाज नाही. कष्टाचं काम आहे, त्या ड्रेसमध्ये जीव उकडत असेल. पण भूप्या, तो डबा ओळखला नाहीस? ती भाकरी कोणाच्या हातची ते तू झोपेतसुद्धा सांगशील. तेव्हा तरी अंगठा आवरायचास. मला फार लागलंय ते.

आता पूर्वी भाकरीला हात लावत नाही. "मामाला पण नाही आवडत," एवढंच म्हणते. डबा भरलेला परत येतो. आई रोज विचारते, "पोर भाकर का न्हाय खात गं? माजा हात बिघडला का?" काल तिने पीठ दोनदा चाळलं. काय सांगू तिला?

रविवारी निकेतचं उष्टावण आहे. पहिला घास मामाने भरवायचा. पूर्वीला तूच भरवला होतास, तुझ्या बोटाला चावली होती. जितेंद्र म्हणाला, भूपेश येत नसेल तर दुसरं कोणीतरी बघू. मी नाही म्हटलं. तो घास तुझाच आहे.

पण आधी पूर्वीच्या शेजारी बसायचं आणि आईच्या हातची भाकरी खायची, शेवटच्या तुकड्यापर्यंत, पोरीच्या डोळ्यांदेखत. मग हात धुऊन निकेतला भरव. एवढं जमणार नसेल तर येऊ नकोस. आईला मी सांगेन तुला सुट्टी मिळाली नाही.

स्वयंपाकघरात दोन पाट मांडून ठेवतेय, एक पूर्वीचा.

तुझी,
शालनताई