बोकडाचं साधन (संभाव्य)

मंगळवार, ४ मार्च. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

अन्याय नेमका या वेळी झाला. भिंतीवरचं घड्याळ बघून ठेवलंय. उद्या कोणी "साधारण कधी?" विचारलं तर तोंडावर मारता यावं म्हणून.

संग्रहालयात जुन्या अवजारांचं नवं दालन उघडलं. त्यातली एक अख्खी काचपेटी यांची. हे गेल्यावर यांची हत्यारांची पेटी मीच दिली होती, कपाट अडवून बसली होती म्हणून. हे आयुष्यभर लिफ्टदुरुस्तीत. निम्मी हत्यारं हातची बनवलेली. मला वाटलं, चार लोक बघतील, दोन चांगले शब्द बोलतील.

काचपेटीत मांडणी चांगली होती. पाने, पकडी, कानशी, ग्रीसचा पंप — सगळ्यांची नावं बरोबर. मधोमध यांचा फोटो. आणि फोटोच्या बरोबर खाली, लाल मखमलीवर, एक वस्तू. तिच्याखाली पाटी —

'बोकडाचं खच्चीकरण करण्याचं साधन (संभाव्य).'

यांच्या फोटोखाली! बोकड!

ज्या माणसाने जन्मात शेळीला पाला घातला नाही, कुत्रा भुंकला तर जो रस्ता बदलायचा, तो बोकडांच्या मागे पट्टा घेऊन धावणार?

तिथले अधिकारी तरुण आहेत, आवाज मऊ. म्हणाले, "मॅडम, आवळायचा पट्टा आहे, फिरवायचा स्क्रू आहे. तर्काने तेच निघतं."

म्हटलं, "तर्क तुमचा असेल, नवरा माझा होता."

"मग काय आहे हे? तुम्हीच सांगा."

इथे माझी पंचाईत झाली. मला माहीत नाही! ही वस्तू मी घरात कधी पाहिलेलीच नाही.

वर आणखी एक. दालनाचं पुस्तक छापायला जायचंय ३१ तारखेला. त्यात यांचं नाव, फोटो आणि बोकड, सगळं एका पानावर. एकदा छापलं की जन्मभराचं. "त्याआधी पुराव्यासह खरं नाव सांगा, बदलतो," म्हणाले.

पावती लिहून दिली आणि वस्तू घरी आणली. आता बघतेच.

(या अधिकाऱ्यांना इथून पुढे 'संभाव्य' म्हणायचं. दालनातल्या बाकी निम्म्या पाट्यांवरही तोच शब्द आहे. त्यांच्या जन्मदाखल्यावरही असणार.)

गुरुवार, ६ मार्च

वस्तूचं वर्णन, शांत डोक्याने:

लाकडी मूठ, वीतभर, हाताळून गुळगुळीत झालेली. मुठीच्या एका टोकाला स्टीलच्या पातळ पट्टीचं कडं, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलेलं. बाजूला स्क्रू; फिरवला की कडं लहान होतं. दुसऱ्या टोकाला चिमणीच्या चोचीसारखं चपटं, पातळ पातं. धार नाही.

एवढंच. बोकडाचा एकही केस नाही.

जॅमची नवी बरणी आज पुन्हा उघडली नाही. ही कंपनी पूर्वी किती चांगली होती! गेल्या दीडेक वर्षात झाकणं इतकी घट्ट लावायला लागलेत की विचारू नये. आणि एकच कंपनी नाही — कॉफीवाले, मधवाले, सगळे. सगळ्यांनी मिळून एकच झाकण लावणारा राक्षस कामाला ठेवलाय की काय?

जॅमवाल्यांना तिसरं पत्र टाकलं; कॉफीवाल्यांना आणि मधवाल्यांना एकेक आधीच गेलंय. 'उत्तर लेखी द्यावे, १५ मार्चच्या आत.' टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सुपरवायझर होते. माणसाला लायनीवर कसं आणायचं ते मला शिकवायला नको.

लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणे, "आई, झाकण गरम पाण्यात धर ना."

झाकणाला काय आंघोळ घालू? न्हाणं घालून, पावडर लावून मग उघडू?

शनिवार, ८ मार्च

वस्तू पिशवीत घालून निघाले. आधी दातांचा डॉक्टर, चौकातला. म्हटलं चोच आहे, कदाचित त्यांच्यातलं असेल.

त्याने उलटसुलट पाहिलं. "आमचं नाही. पण आलाच आहात तर आ करा." केला. वस्तू राहिली बाजूला आणि माझी डावीकडची दाढ गेली असल्याचं कळलं. फी वेगळी.

मग नळ दुरुस्त करणारा. हा माणूस जरा विचार करणारा वाटला. कडं अंगठ्यावर घालून बघितलं. "पाइप सोडवायचा पट्टी-पाना असतो, त्या जातीचं दिसतंय, मावशी. पण फारच नाजूक आहे हो. याने नळ सुटायचा नाही. नळाला गुदगुल्या होतील."

"मग काय असेल?"

"फिल्टर... पंप... कायतरी छोटं." आणि निघताना, "बोकडाचं असेल बघा."

सगळ्यांना बोकडच कसा दिसतो!

रविवार, ९ मार्च

वरच्या मजल्यावरची सून मधाची बाटली घेऊन आली. "काकू, तुमच्याशिवाय कोण उघडणार? अख्ख्या इमारतीत तुमच्या मनगटासारखं मनगट नाही."

हे खरंच आहे. पूर्वी सगळ्या इमारतीच्या बरण्या माझ्याकडे यायच्या. हे घ्यायचे, म्हणायचे, "ठेवतो आत, आधी चहा होऊ दे." चहा झाला की बरणी बाहेर आणायचे. आधी स्वतः जोर लावून बघायचे — दात-ओठ खायचे, कानापर्यंत लाल व्हायचे. "छे बुवा, आपलं काम नाही. हिलाच द्या." मी घ्यायची, एक पीळ, झालं! सगळे हसायचे. लिफ्टचे दोरखंड ओढणारा माणूस, दंड हे एवढे, आणि जॅमची बरणी उघडता येत नाही! मी किती चिडवायची. चारचौघांतसुद्धा. कधी रागावले नाहीत.

आजची बाटली मात्र हलली नाही. सुनेला म्हटलं, "साखर धरलीय आतून. ठेवून जा, सावकाश बघते."

गेल्यावर पुन्हा जोर लावला. बोटं रात्रभर ठणकणार. डॉक्टर त्याला संधिवात म्हणतात. साठीच्या वर गेलं की ते सगळ्यालाच संधिवात म्हणतात.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, "देवाने हात दिलेत ते काम करायला, कुणापुढे पसरायला नाही." मी कधी पसरले नाहीत. सामानाची पिशवीसुद्धा यांना धरू दिली नाही. रस्त्यात हात पुढे करायचे, मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घ्यायची.

शुक्रवार, १४ मार्च

नणंद आली. वस्तू बघताच डोळ्यांना पदर. "दादाच्या हातची! वहिनी, हे मला दे."

"काय करणार आहेस?"

"केस कुरळे करायचं आहे ना हे?"

यांना शेवटची वीस वर्षं टक्कल होतं. मी काही बोलले नाही. बोलले, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

मग नळवाला काय म्हणाला ते माझ्याकडून ऐकून म्हणाली, "बोकडाचं असलं तरी काय बिघडलं? कुठलंही काम वाईट नसतं." भावाची आठवण हिला! दादाने जन्मात दोनच गोष्टी स्वतःहून केल्या, असं ती सांगते — लिफ्ट आणि लग्न. बाकी सगळं मी केलं, असं मी सांगते.

जाताना म्हणाली, "दादा स्वयंपाकघरात बोटं मोडायचा, ते आठवतं. टक् टक्."

ती एक घाण सवय होतीच. बैठकीत नाही, झोपताना नाही, फक्त स्वयंपाकघरात. "काय फोडलंत?" मी बाहेरून ओरडायची. "काही नाही गं, बोटं मोडतोय."

शनिवार, १५ मार्च

जॅमवाल्यांची मुदत संपली. उत्तर नाही. निर्लज्ज.

बुधवार, १९ मार्च

यांचा जुना जोडीदार सापडला. तीस वर्षं दोघं एकाच लिफ्टच्या खड्ड्यात उभे राहिलेले. आता ऐकू कमी येतं. मी ओरडले, तो ओरडला, शेजारच्यांना वाटलं भांडण आहे.

वस्तू बघून त्याचा चेहरा फुलला. "अरे, हे तर त्याने जेवणाच्या सुट्टीत केलं! माझ्यासमोर! वहिनी, तुमचा हात प्लास्टरमध्ये होता ना, त्या वर्षी. आठ-दहा वेळा मोडून पुन्हा केलं. कडं घट्ट बसेना म्हणून माझ्या सायकलची ट्यूब कापली त्याने. चांगली ट्यूब!"

"पण कशासाठी?"

"आँ?"

"कशासाठी!"

"विचारलं मी. म्हणाला, घरातली लिफ्ट अडकते अधूनमधून."

घरातली लिफ्ट! आम्ही तळमजल्यावर राहतो!

"लिफ्टचं नाही हे," तो म्हणाला. "लिफ्टला असलं लाडाचं काही लागत नाही." आणि मग डोळे बारीक करून, "वहिनी, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

लोक वय झालं की उगाच गूढ बोलतात.

प्लास्टरचं वर्ष मात्र आठवतं. पायरीवरून पडले, उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, पहिल्यासारखी ताकद येणार नाही. आणि प्लास्टर काढून घरी आले त्याच दिवशी मी जॅमची बरणी उघडली! यांच्यासमोर! यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. डॉक्टरला फोन करून सांगितलंही मी — "तुमची पदवी परत करा."

सोमवार, २४ मार्च

संभाव्यचा फोन. "मॅडम, काही समजलं का? पुढच्या सोमवारी छपाई आहे. नाहीतर आपण आहे तेच ठेवू."

"आपण नाही. तुम्ही."

"एक सुचवू? 'बोकड' काढून 'लहान जनावर' करू."

फोन आपटायची सोय असलेले फोन बंद झाले, हे माणुसकीचं मोठं नुकसान आहे.

यांच्याबद्दल छापलेलं हे एकच पान असणार आहे. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा कंपनीने आडनाव चुकवलं होतं. निदान हे तरी नीट व्हायला हवं होतं, आणि मला साधं नाव सांगता येत नाही. एवढी वर्षं एका घरात राहून.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी ओट्यावर मुंग्यांची रांग. बघते तर निघालीय मधाच्या बाटलीवरून, आणि चाललीय कुठे — त्या वस्तूवर! रबराच्या आत घुसून बसल्यात. बोकडाच्या साधनाला मुंग्या!

चिमटीने झटकल्या. रबर नाकाशी धरलं. जुनं, आंबूस, गोड. बोट लावलं तर चिकट. आणि आतल्या बाजूला, गोल फिरून, बारीक बारीक दाते उमटलेले. मधाच्या झाकणाच्या कडेला असतात तसेच.

मी बाटली पुढे ओढली. कडं झाकणावर घातलं. मापं घेऊन शिवल्यासारखं बसलं. स्क्रू आवळला, चोच झाकणाखाली जरा सरकवली, मूठ वळवली. जोर लावायला लागलाच नाही.

टक्!

हा आवाज मी ओळखते.

मी बाहेरच्या खोलीतून ओरडायची तशी ओरडले, एकटीच, स्वयंपाकघरात उभी राहून — "काय फोडलंत?"

शुक्रवार, २८ मार्च

आज लिहिणार नाही. फार राग आलाय.

शनिवार, २९ मार्च

जॅमच्या, कॉफीच्या, मधाच्या, तिन्ही कंपन्यांना तक्रार मागे घेतल्याची पत्रं टाकली. कारण दिलं नाही. द्यायचं काय होतं? 'आपली झाकणं पूर्वीही इतकीच घट्ट होती, असं निदर्शनास आलं आहे'?

मग संग्रहालयात. संभाव्यपुढे दोन बरण्या ठेवल्या, एक त्याच्या हातात दिली. लाल झाला, कानापर्यंत, पण हा खरा लाल. दुसरी मी वस्तूने उघडली. टक्! त्याने मऊ आवाजात "ओ" केलं.

"मग पाटीवर काय लिहू, मॅडम?"

पाटी मी घरूनच लिहून नेली होती. 'बरणीचं झाकण आधीच सैल करून ठेवण्याचं साधन. वापर: बायकोच्या नकळत.'

"शेवटचे तीन शब्द ठेवायचे?"

"तेच तर त्याचं काम आहे. आणि कंसात काही लिहायचं नाही."

"आणि वस्तू? ती परत हवी, पेटीत ठेवायला."

"फोटो काढून घ्या. मखमलीवर तोच ठेवा. वस्तू सध्या वापरात आहे."

संध्याकाळी वरची सून कॉफीची बरणी घेऊन आली. "काकू, ही पण बघता का?" घेतली. म्हटलं, "ठेवते आत, आधी चहा होऊ दे." चहा झाला, बरणी बाहेर आणली. आधी मीच जोर लावून बघितला — दात-ओठ खाल्ले. "छे, आपलं काम नाही. तू बघ बरं."

एका पिळात उघडली. पोर नाचायची बाकी राहिली. "काकू! माझं मनगट!"

मी टाळ्या वाजवल्या.

रविवार, ३० मार्च

अहो,

माझा हात अधू आहे हे तुम्हाला प्लास्टर निघालं तेव्हापासून बावीस वर्षं माहीत होतं, आणि मला कालपरवा कळलं. चारचौघांत मी तुम्हाला हसत होते, तेव्हा तुम्ही लाल कसे व्हायचात, श्वास धरून की आणखी काही करून, याचा खुलासा हवा. यापुढे कॉफीची नवी बरणी कोणी उघडायची, त्याचाही.

उत्तर लेखी द्यावे. उद्या, सोमवार, ३१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी चालणार नाही. तोंडी तुम्ही बोटं मोडतोय म्हणून सांगता.