देवमनला विचारायचे सतरा प्रश्न

२० मार्च १९७४, कामरगाव
यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला विनोदी नट देवमन येतोय. नागपूरच्या नाटक कंपनीतला. स्टेजवर प्रकट मुलाखत. मुलाखत घ्यायला कमिटीचे माणिकराव सुशिक्षित माणूस शोधत होते. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हात वर केला. सोळा वर्षं वाट पाहिली. मनात राग वगैरे काही नाही. फक्त त्याचा निकाल लावायचा आहे.

२१ मार्च, सकाळी ६
पुरावा म्हणून लिहून ठेवतो. १९५८, इंझोरी, जयंतीचं नाटक. मी महाराज, देवमन हुजऱ्या. शेवटच्या अंकात मी विष पिऊन मेलो. असा मेलो की पब्लिकने वन्स मोअर दिला. वन्स मोअर गाण्याला देतात हे मलाही ठाऊक आहे. मरणाला मिळाला, यातच काय ते आलं. रसिकांचा मान म्हणून उठलो, पुन्हा मेलो. पुन्हा वन्स मोअर. पुन्हा उठलो, तर ज्याला नाटकात एक वाक्य नव्हतं तो देवमन हात जोडून म्हणाला, महाराज, आता मरा ना बावा, मले घरी जाऊन बैलं बांधाचे हायेत. लोक हसून लोळले. तिसऱ्यांदा मेलो ते कुणी पाहिलंसुद्धा नाही. महिन्याभरात त्याला कंपनीने उचलला. माझ्या मरणावर तो नट झाला. मी मास्तर झालो.

२ एप्रिल
सतरा प्रश्न तयार. पहिले सोळा त्याला गाफील ठेवायला. बालपण, आवडती भाजी इत्यादी. सतरावा : ज्याच्या जिवावर मोठा झालास, तो माणूस ओळखतोस का? इथे मी चष्मा काढणार. मी नट होतो हे कामरगावात कुणालाच माहीत नाही, त्यामुळे धक्का जबर.
बायकोला, वच्छलाला, वाचून दाखवले. म्हणाली, कायले जुनं उकरून राह्यले तुमी? लोक तवाबी तुमालेच हासत होते. बायकांना नाट्यकला कळत नाही. तेव्हा इंझोरीत ती पहिल्या रांगेत पोट धरून बसली होती. दुखत असावं.

९ एप्रिल
आवाजासाठी चहा आणि बिडी कायमची बंद.
दुपारी ४. चहा चालू. बिनचहाचा आवाज बसतो.
आरशासमोर चष्मा काढायचा सराव. चष्मा काढल्यावर देवमनचं पडलेलं तोंड मला दिसणार नाही, हे आज लक्षात आलं. हरकत नाही. गाव तर पाहील.

१३ एप्रिल
बिडीही चालू. उद्या त्याला भर मंडपात रडवतो. तो पाया पडेल. मी माफ करणार नाही. फारच रडला तर पाहू.

१५ एप्रिल
काल संध्याकाळी झाला कार्यक्रम.
देवमन जाडा झालाय, टक्कल पडलंय. मला ओळखलं नाही. मास्तरसाहेब, मास्तरसाहेब करत होता.
पहिला प्रश्न बालपणाचा होता. पठ्ठ्या थेट इंझोरीवर आला. सगळं सांगितलं. तिन्ही मरणं करून दाखवली. हेडमास्तर खुर्चीवरून घसरले. सातवीच्या वर्गाने शिट्ट्या मारल्या. मग देवमनने हात जोडले. म्हणाला, हासू नका बाप्पा. चोरी केली म्या त्या माणसाची. तो मन लावून मरून राह्यला होता, अन् म्या मंधात तोंड घातलं. तसा नट म्या पुन्हा पाह्यला नाही. माफी मागाले दोनदा इंझोरीले गेलो. तिथं कोनीतरी सांगतलं का तो वारला.
रडला. मी न रडवताच रडला.
चष्म्याला हात गेला होता माझा. समोर सातवीचा वर्ग. हेडमास्तर अजून डोळे पुसत होते, हसण्याचे.
मी विचारलं, आपली आवडती भाजी कोणती?
अंबाडीची, म्हणाला. आणि म्हणाला, त्या माणसाच्या नावानं दोन मिनिटं उभं राहू. माणिकरावांनी माइकवर तसं जाहीर केलं.
अख्खा मंडप उभा राहिला. मीही राहिलो, मान खाली घालून. बायकांच्या बाजूला वच्छला तेवढी बसून होती.